चालू आभासी यंत्राचा स्नॅपशॉट आणि गोठविलेली फाइल सिस्टिम

भोर तालुक्यातील उत्रोली गावी जमिनीचा फेरफार प्रमाणित झाला म्हणजे सातबाराही बदलावा लागतो. मधल्याच क्षणी दोन्हींची नक्कल घेतल्यास ती हुबेहूब असूनही विसंगत ठरते. चालू आभासी यंत्राचा स्नॅपशॉट घेताना हीच अडचण उद्भवते. यजमान यंत्रास डिस्कवरील ब्लॉक तेवढे दिसतात. अतिथी यंत्राच्या स्मृतीत खोळंबलेले लेखन दिसत नाही. जर्नलमुळे अशा प्रतीतील फाइल सिस्टिमची रचना बहुधा सावरते, परंतु मजकुराची हमी मिळत नाही.

लिनक्समध्ये प्रथम एक्सएफएसपुरती असलेली गोठविण्याची सोय २००९ मधील २.६.२९ या आवृत्तीपासून इतर फाइल सिस्टिमांनाही मिळाली. क्यूईएमयूचा गेस्ट एजंट ती वापरतो: प्रलंबित लेखन डिस्कवर उतरते, नवे थोपविले जाते, स्नॅपशॉट होतो व बंधन उठते. मेख अशी की, एजंटाने स्वतःच गोठलेल्या डिस्कवर लॉग लिहू पाहिला, तर तोही अडकेल आणि बंधन उठविणारा कोणी उरणार नाही. म्हणून तेवढा वेळ तो लॉग बंद ठेवतो. फाइल सिस्टिमाही तो माउंटच्या उलट क्रमाने गोठवितो. एकीतील फाइलीवर दुसरी उभी असल्यास खालची आधी गोठवून कसे चालेल? विंडोजची शॅडो कॉपी सेवा तर लेखन सुमारे १० सेकंदच रोखू देते, आणि ही कंजुषी शहाणपणाचीच म्हटली पाहिजे.

तथापि फेरफार व सातबारा हे बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधलेले नसतील, तर अर्धवट अवस्थाही निर्दोषपणे गोठते. संबंधित प्रणालीस आधी थांबविणारी हुक स्क्रिप्ट प्रशासकासच पुरवावी लागते.