पावती कोणाच्या नावाने फाडायची?

श्रोतेहो, आजच्या पुष्पाचा विषय ऐकायला भावनेचा वाटतो, पण आमच्या मते तो हिशेबाचा आहे. दहशतवादात ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांच्यासाठी एखादा विशी-बाविशीतला तरुण पैसे गोळा करायला निघतो. तेव्हा तो नेमकं काय करत असतो? दान मागतो, वर्गणी मागतो, की समाजाच्या वतीने एखादं देणं फेडायला निघालेला असतो? शब्द बदलला की पैसे कोणाला द्यायचे, किती वर्षं द्यायचे आणि जाब कोणी कोणाला विचारायचा, हे सगळंच बदलतं. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे शब्दांपासून सुरुवात करायची खोड आम्हाला आहे. आज ती जरा बाजूला ठेवू आणि एका माणसापासून सुरुवात करू.

अधिक कदम हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याकडचा हा मुलगा पुण्यात शिकायला आला आणि १९९७ साली, विशीच्या उंबरठ्यावर असताना, काश्मीरमध्ये कुपवाड्याला जाऊन पोहोचला. कुपवाडा म्हणजे नियंत्रण रेषेला खेटून असलेला जिल्हा. त्या काळात तिथे बाप गमावलेली लेकरं गावोगाव होती. त्यातल्या मुलींकडे तर कोणाचंच लक्ष नव्हतं. पोरगा आहे तर कोणीतरी पुढे येऊन सांभाळेल, पोरगी म्हणजे परक्याचं धन, हा हिशेब आपल्याला काही नवा नाही. २००२ साली बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन ही संस्था उभी राहिली आणि कुपवाड्यात मुलींसाठी पहिलं घर सुरू झालं. त्याचं नाव 'बसेरा-ए-तबस्सुम', म्हणजे हसण्याचा निवारा. पुढे अशी घरं अनंतनागला, बडगाम जिल्ह्यात बीरवाहला आणि जम्मूतही झाली.

आता जरा विचार करा. महाराष्ट्रातला एक हिंदू तरुण काश्मिरी मुसलमान मुलींसाठी घर काढतो म्हणतो. गावकऱ्यांना संशय, की हा पोरी कुठे नेणार? अतिरेक्यांना संशय, की हा कोणाचा हेर? अतिरेक्यांनी आपल्याला अनेकदा पकडून नेलं होतं, हे कदमांनी स्वतः जाहीर मुलाखतींत सांगितलेलं आहे. हा माणूस इकडे येऊन आपल्यापुढे झोळी पसरतो, तेव्हा आपल्यालाही एक संशय येतोच. आपण विचारतो, "लेकरं कोणाची?"

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. कारण त्या घरात मुलीचा बाप कसा मेला याची चौकशी करून प्रवेश दिला जात नाही. कोणाच्या बापाला अतिरेक्यांनी मारलं, कोणाचा बाप गोळीबारात मधे सापडला, तर कोणाचा बाप स्वतःच बंदूक घेऊन डोंगरात गेला होता. लोहा बाजारच्या दिवशी एखादा पोरगा डबा घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, दहशतवादग्रस्तांसाठी मदत करा," तर आपण शंभराची नोट काढतो. तीच नोट तिसऱ्या प्रकारच्या मुलीच्या ताटात जाणार असेल तर? हात खिशातच थबकतो. थबकावाच, आम्ही त्याला दोष देत नाही. पण थबकलेल्या हाताने थोडा विचारही करायला हवा.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातलं सात्त्विक दान कोणतं, तर परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी आणि 'पात्र' माणसाला दिलेलं. तिन्हीत अवघड शब्द आहे तो 'पात्र'. आपल्या मराठवाड्याला हा शब्द गीतेतून नाही, तहसील कचेरीतून ठाऊक आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की समिती बसते. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, वसुलीचा तगादा होता की नव्हता, हे सगळं तपासून ते प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख रुपये. अपात्र ठरलं तर त्या घरातलं दुःख कमी होत नाही आणि लेकरांच्या शाळेची फीही माफ होत नाही. मेलेल्या माणसाच्या कागदपत्रांवरून जिवंत लेकराची पात्रता ठरते, ही त्यातली गोम आहे. हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून कुपवाड्याच्या मुलीचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांपेक्षा लोह्याच्या माणसाला लवकर कळेल, असं आम्हाला वाटतं.

कोणी म्हणेल, "सर, हे बोलायला सोपं आहे. ज्याचा मुलगा पहलगामला मारला गेला त्याला जाऊन सांगा." रास्त आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ २६ माणसं मारली गेली, त्यात सहा आपल्या महाराष्ट्रातली होती. पर्यटकांना वाचवायला गेलेला एक स्थानिक घोडेवालाही त्यात होता. राज्य सरकारने या सहा जणांच्या कुटुंबांना प्रत्येकी ५० लाखांची मदत जाहीर केली. इथे कोणी म्हणालं, की सगळ्यांना सारखं द्या, मारणाऱ्याच्या घरीही द्या, तर ते चूकच नाही, निर्लज्जपणाचं ठरेल. का? कारण ती भरपाई आहे. नागरिकांचं रक्षण करणं हे राज्याचं काम होतं, ते झालं नाही, म्हणून राज्य देणं लागतं. भरपाईत 'कसा मेला' हा प्रश्न विचारावाच लागतो, तो विचारला नाही तर न्यायच उरत नाही.

सहा वर्षांच्या मुलीला जेवू घालणं ही मात्र भरपाई नव्हे. ते पालकत्व आहे. पालकत्वाचा प्रश्न एवढाच, की हिला आता कोण आहे? तिथे बापाची फाईल उघडायची नसते. आमचं म्हणणं, की या दोन गोष्टींची सरमिसळ होते म्हणून सगळा गोंधळ होतो. भरपाईच्या रांगेत मारणाऱ्याचं कुटुंब उभं करणं हा अन्याय, आणि पालकत्वाच्या दारात लेकराकडून बापाचा हिशेब मागणं हाही अन्याय. बापाचं कर्ज पोराच्या डोक्यावर चढतं, हे आपल्याकडे सावकारीत पाहिलं. पापाच्या बाबतीत तरी ते नको. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये आपण सगळेच कधी ना कधी पंगतीला बसलो आहोत. पानात वाढणारा सेवादार बापाचं नाव विचारत नाही. त्यासाठी पंजाबला जायला नको, बसने तासाभरात होतं.

आता त्या डबेवाल्या पोराकडे वळू, कारण खरी जबाबदारी त्याची आहे. पहलगामनंतर काही विद्यार्थी आमच्याकडे आले होते. त्यांना 'काहीतरी' गोळा करायचं होतं. आम्ही विचारलं, कोणासाठी? म्हणाले, "पीडितांसाठी." पावतीवर काय छापणार? त्यावर गप्प. पुण्य पुढची गोष्ट, आधी पावती. पहलगामच्या कुटुंबांचं नाव सांगून गोळा केलेला पैसा दुसऱ्या अनाथालयाला देता येत नाही, ते कितीही चांगलं असलं तरी. देणाऱ्याला "माझा पैसा फक्त जवानांच्या कुटुंबाला जावा" असं म्हणायचा पूर्ण हक्क आहे. त्याला पटवून बघा. नाही पटलं तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. त्याला अंधारात ठेवून दहा रुपये घेणं म्हणजे त्याची फसवणूक आहे आणि त्या मुलीचा अपमानही आहे, कारण तिचं अन्न खोटं बोलून मिळवलेलं ठरतं.

कायदाही जवळपास हेच सांगतो. आपल्या गणेश मंडळांना हे पाठ असतं. नोंदणीकृत न्यास नसेल, तर सार्वजनिक वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. संस्थेला ८०-जी मिळालेलं असेल तर देणाऱ्याला आयकरात सूट मिळते, पण रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर त्या रकमेवर नाही. पोरांना हे सांगितलं की ती कंटाळतात. "सर, देशासाठी करतोय, त्यात परवानगी कसली?" देशासाठी करतोय म्हणूनच तर. गणपतीची वर्गणी कोणी खाल्ली तर गावात भांडण होतं. शहिदांच्या नावाने गोळा झालेली खाल्ली, तर पुढच्या वेळी खऱ्या माणसालाही कोणी देत नाही.

पैशाला आणखी एक अंग आहे, वेळेचं. अॅडम स्मिथ हा अर्थशास्त्राचा जनक म्हणून सगळ्यांना माहीत असतो, पण तो मुळात नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. १७५९ सालच्या पुस्तकात त्याने एक बोचरी गोष्ट सांगितली. समजा, भूकंपात अख्खा चीन गडप झाला. युरोपातला सज्जन माणूस हळहळेल, चार उदात्त वाक्यं बोलेल आणि रात्री निवांत झोपेल. उद्या स्वतःची करंगळी कापली जाणार असेल, तर मात्र त्याला झोप लागणार नाही. स्मिथचा मुद्दा असा, की केवळ कळवळ्यावर विसंबून चालत नाही, कळवळा झोपी जातो. बातमी ताजी असते तोवर डबा भरतो. तीन महिन्यांनी रिकामा डबा कपाटावर चढतो, आणि मुलगी तेव्हा जेमतेम दुसरीत असते.

शेतकरी आत्महत्येच्या त्या एक लाखात एक शहाणपणाची गोष्ट आहे, ती मघाशी सांगायची राहिली. त्यातले ३०,००० रुपये लगेच हातात आणि ७०,००० ठेवीत, महिन्याला व्याज मिळेल असे. रक्कम तुटपुंजी आहे, त्यावर वाद नाही. पण दुःखाचा पहिला महिना आणि साठावा महिना हे वेगळे असतात, एवढं तरी तो निर्णय घेणाऱ्याला कळलं होतं. कुपवाड्यासारखं घर चालवणाऱ्याला साठाव्या महिन्याचा पैसा हवा असतो, आणि तो मागणं सगळ्यात कठीण. स्वेटर, वह्या, शिक्षिकेचा पगार, बर्फ पडण्याआधी भरून ठेवायचं धान्य, यातल्या कशाचीच बातमी होत नाही.

दुसरा मतभेद आहे तो लेकरांना इकडे आणायचं की तिकडेच ठेवायचं, यावर. संजय नहार यांनी ऐंशीच्या दशकात पंजाब पेटला होता तेव्हा तरुणांना घेऊन तिथे काम केलं. पुढे त्यांच्या 'सरहद' संस्थेने काश्मीरमधली होरपळलेली मुलं पुण्याला आणून शिकवली. (घुमानला २०१५ साली साहित्य संमेलन भरलं त्याची यजमान हीच संस्था. आपल्या नरसीचे नामदेव तिथे कसे पोहोचले, तो एका वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.) कदमांनी उलट केलं, मुली आपल्याच मुलखात, आपल्याच भाषेत, आपला रोजा-नमाज सांभाळून वाढाव्यात. पहिल्या वाटेत मुलाला भीतीपासून लांब नेता येतं आणि शाळा चांगली मिळते. दुसऱ्या वाटेत मुलीला सुट्टीत आजीकडे जाता येतं. आमचा कल दुसरीकडे आहे, विशेषतः लहान वयासाठी. पण आमच्याच शेजारी पहिल्या वाटेचं मोठं उदाहरण आहे, ते नाकारून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरलं. त्यानंतर शांतिलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबादकडची सुमारे १२०० मुलं पुण्याला नेली आणि वाघोलीला त्यांचं शिक्षण केलं. तेव्हा आपल्याकडेही कुजबुज झालीच, की पोरं कुठे चालवली? कुपवाड्याच्या गावकऱ्यांचा संशय आणि आपला तेव्हाचा संशय यांत फार अंतर नाही.

राहता राहिलं छायाचित्र. पैसे गोळा करणाऱ्या तरुणाला कोणीतरी सांगतंच, की रडणाऱ्या मुलीचा फोटो टाक, पैसा लगेच येतो. येतो, हे खरं आहे. पण बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करायला मनाई आहे. कान्टच्या भाषेत बोलायचं तर माणसाला केवळ साधन म्हणून वापरायचं नाही, त्याच्याच भल्यासाठी का होईना. मुलगी उद्या वीस वर्षांची होईल, नोकरी मागायला जाईल, आणि तिचा तो रडका चेहरा कोणाच्या तरी फोनमध्ये असेल. तिला त्या वयात कोणी विचारलं नव्हतं.

त्या विद्यार्थ्यांनी शेवटी विचारलं, "मग आम्ही करायचं तरी काय?" आम्ही म्हणालो, आधी किल्लारीकडे जा. वाघोलीला गेलेली लेकरं आज चाळिशीच्या आसपास आहेत, त्यांची स्वतःची पोरं शाळेत जातात. त्यातलं कोणी भेटलं तर विचारा, की पहिल्या वर्षी लोकांनी काय काय आणून दिलं आणि सहाव्या वर्षी तुम्हाला काय हवं होतं. दोन्ही याद्या लिहून आणा, मग पावतीपुस्तक छापायला टाका.