चांदीच्या जहाजातले कागद

फिलिपिन्समधलं मनिला ते मेक्सिकोतलं अकापुल्को हा जलमार्ग इतिहासात चांदी आणि रेशमाचा म्हणून ओळखला जातो. अमेरिकेतली चांदी मनिलाला यायची, चिनी रेशीम आणि चिनी मातीची भांडी मेक्सिकोला जायची. १५६५ पासून १८१५ पर्यंत अडीचशे वर्षं हे चाललं. त्याच जहाजांतून पोथ्या, पत्रं, छापील पुस्तकं आणि बातम्याही फिरल्या. व्यापाऱ्याच्या खतावणीत त्यांना फारशी किंमत नसेल, पण माझ्या मते त्या मार्गावरचा सर्वांत टिकाऊ माल तोच.

मेक्सिकोहून आशियात येणं तेव्हा जमत होतं, परतीची वाट सापडत नव्हती. १५६५ च्या जूनमध्ये आंद्रेस द उर्दानेता हा दर्यावर्दी फिलिपिन्समधल्या सेबूहून निघाला, उत्तरेला चढून त्याने पश्चिमेचे वारे गाठले आणि ऑक्टोबरात अकापुल्कोला पोचला. महासागरापलीकडे धाडलेल्या पत्राला उत्तर येण्याची सोय त्या वर्षी झाली.

मनिलाच्या कोटाबाहेर पारियान नावाची चिनी वस्ती होती. मनिलाचे पहिले बिशप दोमिंगो द सालाझार यांनी १५९० साली स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रात तिथला एक किस्सा आहे. मेक्सिकोहून एक पुस्तकबांधणी करणारा आला, दुकान थाटलं, हाताखाली एक चिनी गडी ठेवला. गड्याने गुपचूप सगळं काम पाहून घेतलं, वेगळं दुकान काढलं, आणि त्याचं काम इतकं सरस की मूळ उस्तादाला धंदाच सोडावा लागला. सालाझार हे कौतुकाने लिहितात.

अशाच कारागिरांच्या जोरावर १५९३ साली मनिलात ‘डॉक्ट्रिना ख्रिस्तियाना’ हे ख्रिस्ती शिकवणीचं पुस्तक छापलं गेलं. लाकडी ठशांवर कोरलेलं, चिनी पद्धतीचं काम. त्यात मजकूर तीन परींनी येतो: स्पॅनिश, रोमन लिपीतलं तागालोग, आणि तेच तागालोग त्याच्या स्वतःच्या बायबायिन लिपीत. किंमत दोन रेआल. आज त्याची एकच प्रत ठाऊक आहे, ती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. पुढे १६१० साली तोमास पिनपिन या तागालोग मुद्रकाने आपल्या लोकांना स्पॅनिश शिकवणारं पुस्तक तागालोगमध्ये लिहिलं. तोवर मिशनरी स्थानिकांची भाषा शिकण्यासाठी व्याकरणं रचत होते. इथे स्थानिक माणूसच राज्यकर्त्यांची भाषा आपल्या माणसांना समजावून देतो आहे. या सगळ्या काळातलं हे मला सर्वांत धीट पुस्तक वाटतं.

हुआन कोबो हा डोमिनिकन धर्मगुरू मेक्सिकोमार्गे १५८८ साली मनिलात आला आणि चिनी शिकला. ‘बेंग सिम पो काम’ या चिनी सुवचनसंग्रहाचं त्याने स्पॅनिश भाषांतर केलं. चिनी पुस्तकाचं युरोपीय भाषेतलं हे पहिलं भाषांतर मानतात. १५९५ साली ते हस्तलिखित स्पेनच्या राजपुत्राला नजर झालं. माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या त्या प्रतीत चिनी आणि स्पॅनिश पानं समोरासमोर आहेत. हा नजराणा पाहायला कोबो उरला नव्हता. १५९२ साली तो मनिलाचा दूत म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेला आणि परतताना फोर्मोसाच्या, म्हणजे आजच्या तैवानच्या, किनाऱ्यावर प्राणाला मुकला.

दुसऱ्याच वर्षी मनिलाहून पुन्हा शिष्टमंडळ गेलं, आणि त्याचा दुभाषा होता आपल्या वसईचा. गोन्सालो गार्सिया, वडील पोर्तुगीज, आई वसईकडची. जेझुइटांबरोबर तो लहानपणीच जपानला गेला, तिथली भाषा शिकला, काही काळ व्यापार केला आणि मनिलात फ्रान्सिस्कन झाला. हिदेयोशीपुढे मनिलाचं म्हणणं जपानी भाषेत मांडलं गेलं ते त्याच्या तोंडून.

१५९६ साली अकापुल्कोला निघालेलं ‘सान फेलिपे’ जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, मालावरून वाद पेटला, हिदेयोशीचा रोष ख्रिस्ती धर्मप्रसारकांवर वळला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ ख्रिस्ती जणांना क्रुसावर चढवलं. त्यात गोन्सालो होता, मेक्सिकोत जन्मलेला फेलिपे द हेसूस होता. बातमी महासागर ओलांडून गेली. मेक्सिको शहरात चिमाल्पाहिन हा नाहुआ बखरकार आपल्या नाहुआत्ल भाषेत रोजच्या घडामोडी टिपत असे. त्याने ती नोंदवली. पुढे १६१० मध्ये शहरात आलेल्या जपान्यांचे कपडे, तलवारी, केस यांचंही त्याने बारकाईने वर्णन केलं. मेक्सिकोतल्या क्वेर्नावाकाच्या कॅथेड्रलच्या भिंतींवर नागासाकीचा तो प्रसंग रंगवला गेला. ही चित्रं नंतर चुन्याखाली दडली आणि विसाव्या शतकात दुरुस्तीच्या वेळी उघडी झाली.

गोन्सालो गार्सिया यांना १८६२ साली संतपद मिळालं. वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. तिथल्या मुलांना त्यांच्या मरणाबरोबर त्यांनी शिकलेल्या भाषेबद्दलही सांगा.