वीस गळ्यांनी गायलेला पुरावा

हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की रात्रीच्या कीर्तनात एक गोष्ट घडते, आणि ती इतक्या सहज घडते की तिचं नवल कुणाला वाटत नाही. महाराज निरूपणाच्या ओघात एक विधान करतात आणि त्याच्या आधारासाठी एखाद्या अभंगाचा चरण उचलतात. पहिले दोन शब्द त्यांच्या तोंडून निघतात न निघतात तोच मागे उभे असलेले टाळकरी उरलेला चरण झेलतात, पखवाजावर थाप पडते, आणि वीस-पंचवीस गळे मिळून तो पुरावा गाऊ लागतात.

पुरावा गातात! प्रबंध लिहिणारा आपला आधार पानाच्या तळाशी बारीक टायपात टाकतो आणि तो कुणी वाचणार नाही अशी मनोमन आशा करतो. इथे तोच आधार भर मंडपात, तालासुरात, सगळ्यांच्या कानांवर आदळतो.

कीर्तनात याला ‘प्रमाण’ म्हणतात. कीर्तन साधारण दोन तासांचं. सेवेला घेतलेला अभंग एकच, तोही बहुधा चार चरणांचा. बाकी सगळा वेळ त्या चार चरणांचा अर्थ उलगडण्यात आणि त्या अर्थाला आधार देण्यात जातो. वक्त्याचं स्वतःचं मत कितीही पटणारं असो, प्रमाणाशिवाय ते अधांतरी. आणि प्रमाण यायचं कुठून? मुख्यतः ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत आणि तुकोबांची गाथा यांतून. एकट्या ज्ञानेश्वरीत नऊ हजार ओव्या, गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग. या भांडारातलं नेमकं वचन नेमक्या क्षणी आठवायला हवं, कारण नारदाच्या गादीवर उभं राहून कागद चाळत बसायची सोय नाही. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे शिकणाऱ्या मुलांचा मोठा वेळ पाठांतरात जातो तो यासाठीच.

मला मात्र कीर्तनकारापेक्षा टाळकऱ्यांचं जास्त नवल वाटतं. ते नुसती साथ करत नाहीत, नकळत तपासणीही करतात. महाराजांनी चरण चुकीचा उचलला, एका अभंगाचं शेपूट दुसऱ्याला जोडलं, तर मागची रांग अडखळते, किंवा एखादा जुना टाळकरी बरोबर शब्द पुरवून मोकळा होतो. समोरचे श्रोतेही काही कच्चे नसतात. सप्ताहात सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण असतं. सकाळी ज्या मावशींनी तो अध्याय वाचला, त्याच रात्री पहिल्या ओळीत बसलेल्या असतात. ज्याचा संदर्भग्रंथ श्रोत्यांनी त्याच दिवशी वाचलेला आहे, असा वक्ता जगात दुसरीकडे कुठे सापडेल?

वारकरी कीर्तनाची ही परंपरा नामदेवांपासून मानतात, आणि नामदेवांचं जन्मगाव म्हणून या जिल्ह्यातलं, कयाधूकाठचं नर्सी सांगितलं जातं. जन्मसाल 1270. त्यांची वाणी पंजाबपर्यंत पोचली आणि गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत. पण त्या काळातली, त्यांच्या हातची वही आपल्याकडे नाही. ही वाणी आधी तोंडातोंडी चालली आणि मग कीर्तनकारांच्या बाडांत उतरली. बाड म्हणजे कीर्तनकाराची हस्तलिखित, शिवलेली वही. उपयोगी पडतील ते अभंग त्यात उतरवून ठेवायचे. अमेरिकन अभ्यासक ख्रिश्चन ली नोवेत्स्के यांनी या बाडांकडे फार बारकाईने पाहिलं. त्यांच्या मते बाडातली नोंद स्वतःत पूर्ण नव्हे, ती पुढच्या कीर्तनाची तयारी. थोडक्यात, वक्त्याची टिपणवही.

अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं, त्यामुळे प्रमाण आणि त्याचा धनी एकत्रच फिरतात. सोय मोठी, पण धोकाही तितकाच. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे कवी होऊन गेले. ‘नामा म्हणे’ अशी सही असलेल्या रचनांपैकी कोणती कुणाची, यावर संशोधकांनी पुष्कळ डोकं खाजवलं आहे. ग्रीकांनाही हे दुखणं चुकलेलं नाही. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरच्या आपल्या ग्रंथात जुन्या कवींना साक्षीदार मानलं आणि वर म्हटलं की जुने साक्षीदार सर्वांत विश्वासू, कारण त्यांना लाच देता येत नाही. उदाहरण दिलं ते सालामिस बेटावरच्या दाव्यासाठी अथेन्सने काढलेल्या होमरच्या साक्षीचं. गंमत अशी की होमरमधली ती ओळ अथेन्सवाल्यांनीच घुसडली, असा आरोप प्राचीन काळातच झाला होता. साक्षीदाराला लाच देता येत नाही, पण त्याच्या तोंडी शब्द घालता येतात!

प्रमाणाच्या जोडीला दृष्टांत लागतो. न्यायसूत्रात दृष्टांताची व्याख्या मोठी सुंदर केली आहे: सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांचंही ज्या गोष्टीवर एकमत होतं ती. म्हणून वसमतकडे कीर्तनाला उभं राहणाऱ्याने हळदीचा दृष्टांत द्यावा. कंद शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं समोरच्या प्रत्येकाने केलेलं असतं. तिथे त्याला कुणी फसवू शकत नाही, आणि वक्त्याने चुकीचं सांगितलं तर हसू आवरत नाही.

तरीही एक फट राहतेच. संत अमुक म्हणाले, एवढंच प्रमाणाने सिद्ध होतं. ते खरं आहे का, आजच्या मुद्द्याला लागू आहे का, हे टाळकरी सांगू शकत नाहीत. चरण अचूक असतो, सूर लागलेला असतो, मान डोलते, आणि मधल्या मधे भलतंच काहीतरी गळी उतरून जातं. चांगल्या चालीत गायलेल्या पुराव्याशी वाद घालणं अवघडच.

शेजारच्या विदर्भातल्या गाडगेबाबांनी यावर वेगळा मार्ग काढला. तुकोबांचे अभंग त्यांच्याही तोंडी असत, पण मुद्दा सिद्ध करायचा तो श्रोत्यांना प्रश्न विचारून. सणासुदीसाठी कर्ज काढणं, देवापुढे बकरं कापणं, दारू, यांवर ते साध्या बोलीत एकामागून एक प्रश्न टाकत आणि समोरची माणसं एका आवाजात उत्तर देत. त्या उत्तरांतूनच निष्कर्ष निघे. स्वच्छतेच्या मुद्द्यावर तर त्यांना तेवढंही विचारावं लागत नसे: कीर्तनाच्या गावी पोचल्यावर त्यांनी आधी खराट्याने रस्ते झाडून काढलेले असत, आणि ते सगळ्या गावाने पाहिलेलं असे.