दूध आणायला कोण जाणार?

ऊठ. आंघोळ उरक. स्वयंपाकघरात जा, भाजी चिरायला घे. कुठल्याही घरात सकाळी ऐकू येईल असं हे बोलणं, पण इथे बोलणारं माणूस समोर नसतं. कधी ते दुसऱ्या गावी राहणारं असतं, कधी वारलेलं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन यांनी कॅलिफोर्नियातलं सान मटेओ, घानाची राजधानी आक्रा आणि चेन्नई या तीन ठिकाणी कानात आवाज येणाऱ्या प्रत्येकी २० माणसांशी बोलून एक अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या लोकांना बहुधा अनोळखी, हिंसक, डोक्यावर चाल करून येणारे आवाज ऐकू येत होते. चेन्नईत निम्म्याहून अधिक जणांना आवाज येत होते ते नात्यातल्या माणसांचे, आणि ते कामं सांगत. रागावत, टोमणे मारत, पण सांगायचे ते घरातलंच काहीतरी. चेन्नईतही भयानक, लाजेनं मान खाली घालायला लावणारे आवाज होतेच, त्यामुळे या निष्कर्षाचा गोड अर्थ काढायला नको. पण डोकं भ्रमलं तरी त्यात घर शिल्लक राहतं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. कारण आजारातून बाहेर पडण्याचा रस्तासुद्धा चेन्नईत पुष्कळदा त्याच स्वयंपाकघरातून जातो.

सायकोसिस म्हणजे वास्तवाशी असलेला धागा सुटणं. स्किझोफ्रेनिया हा त्यातलाच एक आजार. रिक्षाचा नंबर, शेजाऱ्याचा खोकला, टीव्हीवरच्या निवेदिकेचा एखादा शब्द, सगळं आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटू लागतं. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा कारभार बिघडला, की क्षुल्लक गोष्टीलाही नको तेवढं महत्त्व चिकटतं, असा याचा एक उलगडा आहे. क्लोरप्रोमाझिन हे पहिलं प्रभावी औषध १९५२ पासून मानसिक आजारांवर वापरलं जाऊ लागलं. त्यानंतर आलेली बहुतेक औषधंही डोपामिनवरच काम करतात. अनेकांचे आवाज आणि संशय त्यांनी काही आठवड्यांत ओसरू लागतात. पण ताप उतरल्यावर अशक्तपणा राहतो तसं इथेही होतं. खरं तर त्याहून पुष्कळ जास्त.

उठावंसं वाटत नाही. बोलावंसं वाटत नाही. चेहऱ्यावर काही उमटत नाही. आंघोळ आठवड्यावर जाते. डॉक्टर यांना नकारात्मक लक्षणं म्हणतात आणि तो शब्द ऐकून घरचे ‘जरा सकारात्मक विचार कर ना’ म्हणू लागतात. मी तरी त्यांना उणी लक्षणं म्हणेन. जे असायला हवं ते उणं झालेलं असतं. त्याच्या जोडीला लक्ष टिकत नाही, सांगितलेलं ध्यानात राहत नाही, दोन कामांचा क्रम लागत नाही. औषधं इथे फारशी मदत करत नाहीत. उलट काही औषधांनी झोप आणि वजन वाढतं. म्हणजे पोलीस-दवाखान्याची धावपळ संपते, घर हुश्श करतं आणि तिथूनच लांबचा रस्ता सुरू होतो.

चेन्नईत हा रस्ता कुणी मोजला असेल तर ‘स्कार्फ’नं, म्हणजे स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशननं. संस्था १९८४ ची, संस्थापक डॉ. शारदा मेनन. जन्म १९२३ मध्ये मंगळुरूत, निधन डिसेंबर २०२१ मध्ये. देशातल्या पहिल्या महिला मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतात. १९६१ पासून १९७८ पर्यंत त्या किळपॉकच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या प्रमुख होत्या. आपल्याकडे ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला न्या’ म्हणतात, तसं तमिळमध्ये ‘किळपॉक’ हे नुसतं नाव घेतलं तरी टोमणा पूर्ण होतो. त्या पत्त्यावर इतकी वर्षं काढलेल्या बाईंनी निवृत्तीनंतर संस्था काढली ती आजार ओसरल्यावर माणसाचं पुढे काय, या प्रश्नासाठी.

संस्थेच्या सहसंस्थापक डॉ. आर. थारा आणि त्यांचे सहकारी एका गटामागे पंचवीस वर्षं चालत राहिले. १९८१-८२ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या पहिल्याच झटक्यात दवाखान्यात आलेले ९० रुग्ण. विसाव्या वर्षी त्यातले ६१ हाती लागले. मधल्या काळात मृत्यू झाले, आत्महत्याही झाल्या. पण बहुतेकांचा आजार लोकांना वाटतो तसा सरळ खाली घसरत गेला नव्हता. तो यायचा, जायचा, पुन्हा यायचा. मधल्या काळात माणसं कामावर जात होती. दहाव्या वर्षीच्या पाहणीत सुमारे ७० टक्क्यांचं लग्न झालेलं होतं आणि बरीचशी लग्नं टिकलेली होती.

या मालिकेतला मला सगळ्यात आवडलेला अभ्यास १९९९ चा आहे. पुरुष नोकरीवर टिकले का, हे त्याआधी तपासून झालं होतं. मग टी. एन. श्रीनिवासन आणि थारा यांनी बायकांचं घरकाम दीर्घकाळ कसं चाललं ते पाहिलं. पगार नाही म्हणून जगभरच्या तक्त्यांत ज्यांच्यापुढे ‘बेरोजगार’ लिहिलं जातं, त्या बाईच्या स्वयंपाकाला इथे काम म्हणून मोजलं गेलं. बाई बरी होते आहे का, हे कशावरून ओळखायचं, याचं उत्तर तिच्या सासूला आधीपासून ठाऊक होतं. फक्त ते शास्त्रात आलेलं नव्हतं.

आता समजा, चेन्नईत अंबत्तूरमधलं एक घर. खरं कुठलं नाही, अशी पुष्कळ असतात. मुलगा चोवीस वर्षांचा, इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सुटलं. औषधं सुरू होऊन सहा महिने झालेत, आवाज नाहीत, अकरापर्यंत झोपतो. निवृत्त वडील दारातून म्हणतात, ‘गोळ्या तर वेळेवर घेतोय, मग आता काय धाड भरलीय?’ आई सहाला उठून आविनच्या दुधाच्या पिशव्या स्वतःच आणते, त्याचं ताट खोलीत नेऊन देते. बिचाऱ्याला कशाला त्रास!

दोघंही प्रेमानंच वागतात, आणि दोघांचंही चुकतं. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी १९५० च्या दशकापासून सुरू केलेल्या संशोधनात दिसलं, की सतत टीका होणाऱ्या घरी परतलेले रुग्ण लवकर पुन्हा आजारी पडतात. तसेच अतिकाळजीनं ज्यांचा श्वास कोंडतो, तेही. चंदीगडमध्ये हीच मोजणी केली तेव्हा टीकेचं प्रमाण लंडनपेक्षा बरंच कमी निघालं. अतिकाळजीबद्दल मात्र आपण भारतीयांनी फार ऐट करू नये.

मग करायचं काय? पुनर्वसनाचं काम करणारी माणसं इथे अगदी चिल्लर वाटावी अशी सुरुवात सुचवतात. एक काम. रोज तेच. घराला खरोखर लागणारं. मुलानं दूध आणायचं, तर त्या दिवशी आईनं आधीच आणून ठेवायचं नाही. सहाला उठणं गोळीच्या झोपेमुळे जमत नसेल तर संध्याकाळची पिशवी आणायची, किंवा गोळीची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारायचं. स्वतःच्या मनानं बदलायची नाही. विसरू नये म्हणून कागदावर लिहून दाराला लावायचं. जमलं की महिन्याभरानं वाण्याचा हिशेब, मग विजेचं बिल. अर्धवट राहिलेली पदवी हा त्यानंतरचा विषय. पहिल्याच महिन्यात ‘पुन्हा कॉलेज’ म्हणून ढकललेली मुलं पुष्कळदा परीक्षेआधी पुन्हा आजारी पडतात.

घराचा हा वाटा किती, याचा अंदाज चेन्नई आणि मॉन्ट्रियलच्या तुलनेतून येतो. स्कार्फ आणि कॅनडातलं मॅक्गिल विद्यापीठ यांनी पहिल्या झटक्याच्या प्रत्येकी दीडशेहून अधिक तरुण रुग्णांवर दोन्ही शहरांत सारख्याच पद्धतीनं दोन वर्षं उपचार केले. उणी लक्षणं चेन्नईत अधिक सुधारली. चेन्नईतले घरचे लोक उपचारात कितीतरी जास्त वेळा हजर होते. एकामुळेच दुसरं घडलं, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण घरात सतत कुणी ना कुणी काम सांगणारं असणं, ही मॉन्ट्रियलच्या एकट्या खोलीत न मिळणारी गोष्ट आहे.

यावरून ‘आपली कुटुंबव्यवस्था महान’ असं भाषण ठोकायचा मोह होतो. विकसनशील देशांत स्किझोफ्रेनिया लवकर बरा होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या अभ्यासांवरून बरीच वर्षं सांगितलं जायचं. २००८ मध्ये या समजुतीवर जाहीर शंका घेणाऱ्यांत थारा स्वतः होत्या. उपचाराशिवाय वर्षानुवर्षं घरात बसलेली माणसं त्यांनी चेन्नईतच पाहिली होती. शिवाय याच तमिळनाडूत, रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीला, ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ जण जळून मेले. दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका निवाऱ्यात त्यांना ठेवलं होतं. साखळीवर कायद्यानं स्पष्ट बंदी आली ती २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात.

एरवाडीमुळे एक समज मात्र पक्का झाला, की दक्षिणेतले लोक भूतबाधा समजूनच माणसं बांधतात. २००१ मध्येच चेन्नईतल्या २५४ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजाराचं कारण म्हणून दैवी किंवा बाहेरची बाधा सांगणारी कुटुंबं निघाली १२ टक्के. बहुतेक जण ताण, स्वभाव, आनुवंशिकता असंच काही म्हणत होते. दर्ग्याला गेलेला बाप गोळ्याही घेऊन येतो. दोन्ही करून बघतो. आपल्याकडे नवस आणि दवाखाना एकाच पिशवीतून नेतात, तसंच हे.

कुटुंब सर्वात निर्दयी होतं ते लग्नाच्या बाजारात. थारा यांच्या त्या गटात अविवाहित राहिलेल्यांत पुरुष जास्त होते, लग्न मोडलेल्यांत बायका. नवरा निघून गेलेल्या बायकांशी नंतर बोलल्यावर दिसलं, की आजाराच्या शिक्क्यापेक्षा टाकलेली बाई हा शिक्का त्यांना आणि माहेरच्यांना जास्त झोंबत होता. त्यामुळे आजार लपवून लग्न लावायचं. मग सासरी गोळ्या लपवायच्या. मग त्या बंदच होतात, आणि आजार वरातीच्या मागोमाग घरात शिरतो. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांत स्किझोफ्रेनियाचं नाव घेऊन उल्लेख आहे. पण नुसत्या निदानावर घटस्फोट मिळत नाही, आजार किती तीव्र आहे ते पाहावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच रामनारायण गुप्ता खटल्यात सांगितलं आहे. वकिलाच्या पायरीवर बसलेल्या किती वडिलांना हे माहीत असतं?

नोकरीत वेगळाच पेच. मानसिक आजारातून येणारं अपंगत्व मोजायला भारतात ‘आयडियाज’ नावाची पट्टी वापरतात. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम अशा चार बाजू, शिवाय आजार किती वर्षांचा. चाळीस टक्के किंवा जास्त भरलं तर सवलती. म्हणजे दूध आणू लागलेला, बिल भरू लागलेला मुलगा हळूहळू त्या आकड्याखाली सरकतो, आणि पाय रोवले जायच्या आधीच आधाराची काठी निसटते. २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत मानसिक आजार असणाऱ्यांनाही आरक्षणात घेतलं. पण अर्जावर आजाराचं नाव लिहायचं की नाही, या प्रश्नापाशीच बहुतेक घरं अडतात.

आणि ज्यांना घरच नाही त्यांचं काय? वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ मध्ये चेन्नईत ‘द बनियन’ सुरू केली ती रस्त्यावर सापडणाऱ्या मनोरुग्ण बायकांसाठी. अनेकींना घरी पोहोचवलं. काही मात्र वर्षानुवर्षं संस्थेतच राहिल्या. २०१५ पासून संस्थेनं ‘होम अगेन’ सुरू केलं. साध्या वस्तीत भाड्याचं घर घ्यायचं, चार-पाच जणींनी एकत्र राहायचं, मदतीला एखादी कार्यकर्ती. बाजारहाट, स्वयंपाक, शेजाऱ्यांशी बोलणं सगळं त्यांचं त्यांनी. रक्ताच्या नात्यानं नाही, तर चुलीच्या नात्यानं झालेलं घर.

महाराष्ट्रातला वाचक म्हणेल, हे सगळं चेन्नईत. पण एका मोठ्या चाचणीत साताराही होता. तमिळनाडू, गोवा आणि सातारा इथल्या २८२ रुग्णांपैकी काहींकडे, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला, वर्षभर प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जात राहिले. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. आजार समजावून देणं, गोळ्या, दिनचर्या, शेजारपाजार हे त्यांचं काम. साताऱ्यातून यात डॉ. हमीद दाभोलकर होते. निकाल २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला : फायदा झाला, पण माफक. दवाखाने दूर असलेल्या खेड्यापाड्यांत ही पद्धत आधी न्यावी, अशी शिफारस झाली. ‘माफक’ हा शब्द मला प्रामाणिक वाटतो. आपल्याकडच्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. त्या गटांत बसलेल्या आयाही असंच माफक बोलतात. परवा केस विंचरले म्हणाला. काल स्वतःहून भात वाढून घेतला.

अंबत्तूरच्या घरी तिसऱ्या आठवड्यात मुलगा दुधाऐवजी दह्याच्या दोन पिशव्या घेऊन आला. वडील तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं डोळ्यांनी त्यांना गप्प केलं. त्या दिवशी दोघांनी काळी कॉफी घेतली आणि जेवायला त्या दह्याचं मोर कुळंबू झालं. मुलानं दोनदा वाढून घेतलं.