पाण्याची हद्द आणि पाण्याचे वाटे (लेखांक ७)

अवर्षणप्रवण गावाची भरभराट कुठवर जाऊ शकते, याची हद्द पाऊस ठरवतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. या हिशेबाने हजार हेक्टरांच्या शिवारात वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ४०० कोटी लिटर पाणी उतरते. आकडा डोळे दिपवणारा आहे आणि म्हणूनच फसवा. त्यातले बरेचसे उन्हाने उडून जाते, काही मातीचा वरचा थर धरून ठेवतो, काही ओढ्याने वाहून जाते. विहिरींना लागते ते उरलेसुरले.

या शिलकीवर ऊस उभा केला की काय होते? पिकाच्या कालावधीनुसार उसाला साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे ४०० मिलिमीटरच्या टापूत एक एकर ऊस चार ते सहा एकरांवरचा सगळा पाऊस पितो. महाराष्ट्राच्या एकूण पीकक्षेत्रात उसाचा वाटा चार टक्क्यांहून कमी असून सिंचनाच्या पाण्यातला वाटा मात्र सत्तर टक्क्यांच्या घरात आहे, अशी नोंद कृषी खर्च व मूल्य आयोगाने केली होती. साखर, रोजगार, सहकार, गावोगावी उभ्या राहिलेल्या शाळा-कॉलेजे ही या पाण्याची कमाई आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या पाण्यातून कोणाच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

प्रश्न खरे तर दोन आहेत. एकूण पाणी किती वापरायचे आणि ते कोणी वापरायचे. सरकारी कामकाजात पहिला अभियंत्यांकडे आणि दुसरा राजकारणाकडे जातो. महाराष्ट्रात जिथे पाण्याची हद्द खरोखर पाळली गेली, तिथे मात्र हे दोन्ही प्रश्न एकाच बैठकीत सुटलेले दिसतात.

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतली फड पद्धत हा त्याचा जुना नमुना. पांझरा, मोसम अशा नद्यांवर छोटे बंधारे बांधून पाट काढले गेले आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागली गेली. एका फडात एकच पीक घ्यायचे. ऊस एका फडात, बाकीच्यांत कमी पाण्याची पिके, आणि दरवर्षी फेरपालट. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे, आणि सगळी मेख इथेच आहे. पाणी कमी असले की पंच एखादा फड कोरडा ठेवायचे ठरवत आणि झळ सगळ्यांना सारखी बसे. पाणी कोणाला केव्हा हे पाटकरी बघे, पिकाची राखण जागल्या करी. ‘माझ्या वावराला आधी’ म्हणायला फारशी जागाच उरत नसे. या पद्धतीत उणीव एकच, पण मोठी. ज्याला जमीन नाही त्याला पाणीही नाही.

ती उणीव १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात भरून निघाली. पुण्यातले उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगावात देवस्थानची ४० एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेतली, पाणलोटाची कामे केली आणि १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठानची स्थापना केली. त्यातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडला आणि माणसाला जोडला. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. पाच माणसांच्या घरात दहा एकर जमीन असली तरी साडेसात एकर जिरायतच राहणार. आणि शेजारच्या पाच माणसांच्या भूमिहीन घरालाही अडीच एकराच्या पाण्याचा हक्क मिळणार. जमीन विकली तरी पाणी विकता येत नाही. ऊस व इतर बारमाही पिके बंद. उपसा योजना एकट्यादुकट्याची नव्हे, गटाची, आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांचा.

ऊसबंदीचा नियम वरवर पाहता निसर्गाच्या बाजूचा वाटतो आणि भूमिहीनांच्या हक्काचा माणसांच्या बाजूचा. प्रत्यक्षात एकाशिवाय दुसरा टिकत नाही. चार जणांनी ऊस लावला की बाकीच्यांना वाटायला पाणी उरत नाही; आणि पाण्यात वाटा नसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या पाण्याची राखण तरी का करावी? सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर मुक्ती संघर्ष चळवळीने बांधलेल्या बळीराजा धरणातही भूमिहीनांसह सर्वांना पाण्याचा हक्क हेच सूत्र होते. पाणी पंचायतीच्या अनेक उपसा योजना पुढे बंद पडल्या, हेही नोंदवायला हवे. वीजबिल, पंपांची दुरुस्ती आणि जास्त पैशाच्या पिकांची ओढ यांच्यापुढे गट टिकले नाहीत.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाण्याची हद्द पाळण्याला जोड दिली ती दरवर्षीच्या ताळेबंदाची. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. १९९४ साली गाव आदर्श गाव योजनेत आले. डोंगरावर सलग समतल चर खोदले गेले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. एवढे काम इतरही अनेक गावांनी केले. विहिरींना पाणी आल्यावर त्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या गाड्या आल्या आणि वाढलेले पाणी काही वर्षांत उपसून झाले. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी केली. ऊस आणि केळीही नको म्हटले. २००४पासून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीने पाण्याचा हिशेब मांडला जातो. पावसाळा सरला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे येते. आधी माणसांचे पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, मग शेती. पाऊस कमी असला तर गहू आणि कांदा मागे पडतो, ज्वारी-हरभरा पुढे येतो. चराईबंदीने वाढलेला चारा कापून न्यायला मुभा असल्याने दूध वाढले आणि बाहेर गेलेली कुटुंबे परतली. भरभराट झाली ती हद्दीच्या आत.

पाण्याच्या टंचाईवर नेहमीचे उत्तर ठिबक सिंचनाचे असते. ठिबकने पाणी वाचते हे खरे. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी एकर-दोन एकर बागायत करतो आणि उपसा होता तेवढाच राहतो. वाफेची यंत्रे सुधारल्याने कोळशाचा खप कमी न होता वाढतो, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ साली दाखवले होते. हद्द आधी ठरली असेल तरच बचत ही बचत ठरते.

हद्द घालण्याच्या बाबतीत कायदा अशा गावांपेक्षा मागे आहे. १८८२च्या वहिवाट हक्क कायद्यापासून जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे, ही समजूत चालत आली. राज्याचा २००९चा भूजल अधिनियम २०१४ साली लागू झाला आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना त्यात मनाई आहे. पण खोली मोजली म्हणजे उपसा मोजला असे होत नाही, आणि त्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा किती, याचे उत्तरही खोलीच्या मर्यादेतून मिळत नाही. ते काम आजही ग्रामसभेच्या ठरावावर आणि शेजाऱ्याच्या नजरेवर चालते, आणि असा ठराव करून तो पाळणारी गावे अजून अपवादातच मोडतात.