शहर शिवारापर्यंत आलं, पोरांवर लक्ष ठेवणार कोण?

चाकण म्हटलं की एके काळी कांद्याचा बाजार आठवायचा. आता कंपन्यांच्या शिफ्टच्या बसगाड्या आणि ट्रॅफिक आठवतं. वाघोली, मांजरी, हिंजवडी, तळेगाव, शिक्रापूर, सणसवाडी या सगळ्या गावांची तीच गत झाली आहे. शेतात प्लॉटिंग पडलं, गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या आणि रस्त्याला मोठमोठे फ्लेक्स लागले. गावचा माणूस गावातच पाहुणा झाल्यासारखा वाटावा, इतकी बाहेरची वस्ती वाढली. त्यासोबत चोऱ्या, हाणामाऱ्या, कोयते नाचवणारी टोळकी, गाड्यांची तोडफोड हेही आलं. पोलीस आपलं काम करतात. पण नुसत्या पोलिसांवर हे आटोक्यात येणार नाही. गाव आणि घर यांनी काय करायचं, हे समजून घेण्याची वेळ आली आहे.

आधी हद्दीचं बघू, कारण अडचण आल्यावर पहिला गोंधळ तिथेच होतो. पिंपरी चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय 15 ऑगस्ट 2018 ला सुरू झालं. तेव्हा चाकण, आळंदी, तळेगाव दाभाडे, देहूरोड ही पुणे ग्रामीणची पोलीस ठाणी त्यात गेली. म्हणजे तालुका खेड, तहसीलदार राजगुरुनगरला, आणि पोलीस आयुक्त मात्र पिंपरी चिंचवडचे. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 गावं घेतली गेली आणि 2021 मध्ये आणखी 23. त्यातल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीला नंतर वेगळी नगरपरिषद करायचं ठरलं. या सगळ्या उलथापालथीत माणसाला आपलं पोलीस ठाणं कोणतं हेच कळेना. तक्रार कुठे द्यायची म्हणून लोक हेलपाटे मारतात. अडचणीच्या वेळी त्यात पडू नका, सरळ 112 वर फोन करा. आणि गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

पण हद्दीपेक्षा मोठं नुकसान दुसरंच झालं. ग्रामपंचायत गेली की ग्रामसभा जाते. ग्रामसभेने नेमलेली तंटामुक्त समिती जाते. पोलीस पाटलाचा जुना दरारा राहत नाही. पूर्वी पोरगं पारावर सिगारेट ओढताना दिसलं तर कुणीही चुलता-मामा दोन शब्द सुनवायचा आणि रात्री ते घरी कळायचं. आता शेजारच्या खोलीत कोण राहतं तेच माहीत नाही, तर बोलणार कुणाला? बोलावं तर उलट "तुमचा काय संबंध" ऐकून घ्यावं लागतं. ही नजर गेली, तिची जागा कॅमेऱ्याने घ्यायची असं ठरलं. कॅमेरा लागतो, उद्घाटनाचा फोटो निघतो, पुढे वायर उंदीर खातात तरी कुणी बघत नाही. चालू असला तरी तो कोण पळालं ते दाखवतो. पळू नको म्हणायला माणूसच लागतो.

हे काम माणसं करू शकतात याचा महाराष्ट्रातला सगळ्यात ठळक दाखला भिवंडीचा आहे. यंत्रमागाचं गाव, बाहेरून आलेल्या कामगारांची दाट वस्ती. 1970 आणि 1984 ला तिथे भीषण दंगली झाल्या. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून गेले. त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, सुमारे 70. त्यात नुसते पुढारी घेतले नाहीत. दुकानदार, माग चालवणारे, बायका, हिंदू आणि मुसलमान अशी त्या गल्लीतली साधी माणसं घेतली आणि प्रत्येक कमिटीला पोलीस जोडून दिला. बैठका दंगल झाल्यावर नाही, एरवीच व्हायच्या. नळाचं भांडण, पोरीची छेड, गाडी लावण्यावरून वाद असे बारीकसारीक विषय. त्या निमित्ताने माणसं एकमेकांना आणि पोलिसाला नावाने ओळखू लागली. डिसेंबर 1992 मध्ये बाबरी मशीद पडली आणि मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही 1994 च्या सुमारास ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी यांच्यासारख्या पोलीस अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्यांचं काम सुरू झालं.

गावाकडेही असा प्रयत्न झाला. आर. आर. आबा गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाची, वाटणीची, वाटेची भांडणं गावातच मिटवायची आणि गावाला बक्षीस मिळवायचं. सुरुवातीची काही वर्षं गावोगाव खरंच काम झालं. नंतर बऱ्याच ठिकाणी समितीचं अध्यक्षपद ही निवडणुकीआधीची रंगीत तालीम होऊन बसली. तरी कल्पना चांगलीच होती, कारण मोठा गुन्हा आभाळातून पडत नाही. बांधावरचा वाद, मग शिवीगाळ, मग पोरांची गट बांधणी, मग एखाद्या रात्री कोयता. मधल्या पायरीवर कुणीतरी हात धरायला हवा असतो.

कोयता आणि रील

ऊस तोडायला, चारा कापायला, नारळ सोलायला कोयता प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात असतो. पण गेल्या काही वर्षांत पुण्यात या अवजाराची अशी बदनामी झाली, की 2023 च्या सुरुवातीला कोयता विकताना गिऱ्हाईकाचं आधार कार्ड घ्या, असं दुकानदारांना सांगावं लागलं. शेतावर जाणाऱ्याला कुणी अडवत नाही. चौकात दहशत करायला, वाढदिवसाचा केक कापायला किंवा रील बनवायला कोयता-तलवार हातात घेतली, तर शस्त्र अधिनियम 1959 आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37 व 135 लागतं. रील टाकणारा पोरगा स्वतःच पुरावा तयार करून पोलिसांना देत असतो, हे त्याच्या डोक्यात नसतं.

ही पोरं येतात कुठून? सगळी गरिबाघरची असतात हा गैरसमज आहे. जमीन विकून एकदम पैसा आलेली घरं घ्या. गुंठामंत्री म्हणून लोक चेष्टा करतात, पण त्या घरात बापाला काम उरत नाही आणि पोराला धाक उरत नाही. नववी-दहावीतल्या पोराला दोन लाखाची गाडी मिळते. दुसरीकडे भाड्याच्या खोलीतलं घर आहे. आई-बाप दोघंही शिफ्टला, पोरगं शाळा सुटल्यापासून रात्रीपर्यंत एकटं. दोघांनाही चौकातला एखादा "भाऊ" जवळचा वाटतो. तो जेवायला घालतो, पेट्रोलला पैसे देतो, फ्लेक्सवर फोटो छापतो. बदल्यात एक दिवस म्हणतो, "तू पुढं हो, तू अठराच्या आत आहेस, तुला काय होत नाही."

हे खोटं आहे आणि घरोघरी पोरांना सांगायला हवं. बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे 16 ते 18 वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, म्हणजे ज्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा आहे असा, तर बाल न्याय मंडळ त्याची समज आणि क्षमता तपासून खटला बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. तिथे तो प्रौढासारखा चालू शकतो. अठरा पूर्ण झाल्यावर तर कसलीच सवलत नाही. पोलीस भरती, सैन्य भरती, कंपनीतली पक्की नोकरी, सगळीकडे चारित्र्य पडताळणी आहे. पहाटे चारला उठून मैदानावर पळणारी किती पोरं आपल्या गावात आहेत ते बघा. त्यातल्या एकाचं नाव मित्राच्या भांडणात एफआयआरमध्ये आलं तरी वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर पाणी पडू शकतं.

गाडीचंही तसंच आहे. अल्पवयीन पोराने गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. 25 हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला 17 वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. तेव्हा मुलाच्या वडिलांनाही अटक झाली होती.

घरात आधी कळतं

पोलिसांना शेवटी कळतं, आईला सगळ्यात आधी कळतं. पोरगं शाळेला दांडी मारायला लागतं. मित्र बदलतात. न मागता नवीन मोबाइल येतो. नंबर प्लेट नसलेली गाडी दाराशी उभी राहते आणि "मित्राची आहे" हे उत्तर मिळतं. स्टेटसला कुठल्या तरी भाईचा फोटो लागतो. आई हे बघते आणि बापाला सांगत नाही, कारण बाप मारेल. बापाला कळतं तेव्हा तो खरंच मारतो, आणि पोरगं दोन दिवस त्या भाईच्याच खोलीवर राहायला जातं. मारून उपयोग नसतो, लपवूनही नसतो. ज्याचं पोरगं ऐकतं असा एक माणूस प्रत्येक भावकीत असतो. कुणाचा मामा, कुणाचा तालमीतला वस्ताद, कुणाचे शाळेतले सर. त्याला वेळेवर मधे घालायला लाज वाटून घेऊ नये.

दहावीला नापास झालेलं पोरगं घरी बसू देऊ नका, हे त्याहून महत्त्वाचं. पुरवणी परीक्षा असते, आयटीआय आहे, कंपन्यांत ॲप्रेंटिस घेतात. रिकामं वर्ष फार महाग पडतं.

पोरगं पकडलं गेलंच तर घाबरून दलालाला पैसे देऊ नका. अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, पालकांना कळवावंच लागतं आणि 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. पुण्याचं मंडळ येरवड्यात आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. मुलांसाठी आणि महिलांसाठी त्याला उत्पन्नाची अट नाही.

गल्लीत काय करता येईल

खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली पाहिजे. तसा आदेश लागू असताना माहिती दिली नाही तर मालकावर गुन्हा होतो. भाडं मिळतंय ना, मग कशाला चौकशी, ही सवय सोडावी लागेल. याचा अर्थ बाहेरगावचा प्रत्येक माणूस संशयित असा मात्र नाही. विदर्भ, मराठवाडा, बिहारहून आलेली ही माणसं कंपनीत राबायला आली आहेत आणि पगाराच्या दिवशी लुटली जातात तीही तीच. त्यांना गल्लीच्या बैठकीत बसवलं तर ती गावच्या बाजूने उभी राहतात. गणेश मंडळाची वर्गणी मागताना आपण त्यांना बरोबर शोधून काढतो, बैठकीला का नाही?

आणखी एक गोष्ट गावाकडच्यांनी ध्यानात ठेवावी. शहरातला गुंड तडीपार होतो तेव्हा दोन वर्षांपर्यंत त्याला त्या हद्दीत येता येत नाही. कधी शहरातून, कधी पूर्ण जिल्ह्यातून. मग तो आत्याकडे, मावशीकडे शेजारच्या तालुक्यात येऊन राहतो. बाहेर राहायला त्याला कायद्याने मनाई नाही. पण त्याच्याभोवती संध्याकाळी गावची पोरं जमायला लागली, तर पोलीस पाटलाने ती गोष्ट वेळीच ठाण्यात कळवावी आणि घरच्यांनी आपलं पोरगं तिथून उठवून आणावं.

दारूचं दुकान हे अनेक गावांत भांडणांचं मूळ आहे. तिथे बायकांच्या हातात कायदा आहे. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली तर मतदान घेतलं जातं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं. मतदानाला आलेल्यांपैकी नाही, एकूण मतदारांपैकी निम्म्या. कित्येक ठिकाणी डाव तिथेच फसतो, कारण माहेरी गेलेल्या, कामावर गेलेल्या बायका मतदानाला येत नाहीत.

ग्रामसुरक्षा दल आणि ग्रामसुरक्षा यंत्रणा ज्या गावात चालू आहे, तिथे चोर आल्याचा एक फोन गेला की सगळ्या नोंद असलेल्या मोबाइलवर एकाच वेळी निरोप जातो. आपला नंबर नोंदलेला आहे का ते तपासा. पण संशयावरून कुणाला पकडून मारू नका. तो चोर निघाला तरी मारहाणीचा गुन्हा मारणाऱ्यावरच दाखल होतो.

प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच आहे. शाळा सोडलेल्या पोरांची यादी करायला याहून योग्य समिती दुसरी नाही. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असेल तर सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे जुन्या ग्रामसेवकाकडे, आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव ठाण्यात विचारा आणि त्यालाही ग्रामसभेला बोलवा. लहान मुलाबद्दल काही तातडीचं असेल तर 1098 हा नंबर मोफत आहे आणि रात्रीही लागतो.