व्यालेली म्हैस का वाळते?

हिंगोली-सेनगावकडे ज्याच्या दावणीला म्हैस आहे, त्याला हे माहीत असतं: व्याल्यावर दूध चढत जातं आणि जनावर मात्र वाळत जातं. शेपटीच्या मुळाशी खड्डा पडतो. दूध लवकर वाढतं, पण खाणं तितक्या लवकर वाढत नाही. मधली तूट चरबी भरून काढते.

एक ग्रॅम चरबीत सुमारे 9 किलोकॅलरी, पिष्टात 4. म्हणूनच सस्तन प्राणी लांबची शिल्लक चरबीतच ठेवतात. पोट भरलेलं असताना इन्शुलिन चरबीच्या पेशींना साठवायला लावतं. ते उतरलं, की पेशीतली विकरं चरबी फोडतात. सुटी झालेली मेदाम्लं रक्तातल्या प्रथिनाला धरून स्नायूंपर्यंत, हृदयापर्यंत जातात. एकादशीच्या निर्जळी उपवासात आपल्या शरीरातही हेच घडतं.

दुभत्या जनावराची अडचण वेगळी आहे. दुधातली साखर बनवण्यात रक्तातलं ग्लुकोज खर्ची पडतं आणि ग्लुकोजची चणचण असली, की यकृताला आलेली सगळी चरबी पुरती जाळता येत नाही. मग अर्धवट जळालेल्या चरबीपासून बनलेले कीटोन रक्तात साचतात. म्हैस कडबा चघळते, पण पेंडीला तोंड लावत नाही. श्वासाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास येतो. असा वास आला, तर पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवा. शिरेतून ग्लुकोज दिलं, की बहुतेक जनावरं सावरतात.

गाभण काळात फार लठ्ठ केलेल्या जनावराला हा धोका जास्त. ते व्याल्यावर कमी खातं आणि चरबी झपाट्याने सोडतं.